उत्तर: फ्रेड व्हिटनची तयारी – गिअर, ब्रेक, खाणं आणि हार्डनॉट

प्रेषक: सायकल गट समन्वयक, मँचेस्टर

नमस्कार मंडळी,

लॉटरीत ज्यांचे नंबर लागले त्यांचं अभिनंदन. या धाग्यावर फक्त तयारीचं बोलू. राहण्याचं आणि गाड्यांचं वेगळ्या मेलमध्ये.

नव्यांसाठी थोडक्यात. फ्रेड व्हिटन चॅलेंज ही लेक डिस्ट्रिक्टमधली ११२ मैलांची, म्हणजे १८० किलोमीटरची फेरी आहे. ग्रासमेरहून निघायचं आणि ग्रासमेरलाच परतायचं. फ्रेड व्हिटन हे लेक्स रोड क्लबचे शर्यत-सचिव. १९९८ मध्ये ते कर्करोगाने गेले आणि १९९९ पासून त्यांच्या स्मरणार्थ ही राइड होते. जमलेले पैसे मदतकार्याला जातात. चढाई साडेतीन हजार मीटरच्या वर आहे.

चढांचा क्रम पाठच करून टाका: कर्कस्टोन, मॅटरडेल, हॉनिस्टर, न्यूलँड्स, व्हिनलॅटर, फँग्ज ब्राउ, कोल्ड फेल, अर्टन पाइक, हार्डनॉट, रायनोज, ब्ली टार्न. खाण्याचे थांबे बटरमिअर आणि कॉल्डर ब्रिजला.

सह्याद्रीतले घाट चढलेल्यांनी त्यावरून अंदाज बांधू नये. खंडाळा, खंबाटकी हे लादलेला ट्रक चढावा अशा बेताने वळणं घेत नेलेले रस्ते. लेक डिस्ट्रिक्टच्या खिंडीतला रस्ता डोंगराच्या अंगावर सरळ चढतो. हार्डनॉटच्या पायथ्याची पाटी ३० टक्के सांगते, आणि ती पाटी येते सुमारे १६० किलोमीटर झाल्यावर. म्हणून गिअर, खाणं, वेग, ब्रेक या सगळ्याचा हिशोब हार्डनॉटपासून उलटा मागे करत यायचा. कर्कस्टोनवर किती ताजंतवानं वाटलं याला काही अर्थ नाही.

गिअरबद्दल लीड्सच्या काकांनी लिहावं ही विनंती.

प्रेषक: लीड्स

मंडळी,

गिअरचा प्रश्न हिमतीचा समजू नका, तो साध्या गणिताचा आहे. स्वार, सायकल, पाणी मिळून ८० किलो धरा. २५ टक्के चढावर मिनिटाला पायडलचे ५० फेरे मारायचे, तर नुसतं गुरुत्वाकर्षणाशी झगडायला लागणारी ताकद अशी:

पुढच्या चकतीला ३४, मागच्या चकतीला २८ दात: साधारण ४०५ वॉट.
३४-३२: ३५५ वॉट.
३४-३४: ३३५ वॉट.
३०-३४: २९५ वॉट.

घर्षण आणि वारा यात धरलेला नाही. ज्याची तासाभराची ताकद २२० वॉट आहे, त्याला १६० किलोमीटरनंतर ४०० वॉट काही मिनिटं सलग देता येत नाहीत. मग फेरे ३५-४० वर उतरतात, गुडघ्यावर सगळा भार येतो आणि शेवटी पाय खाली टेकतो. माझा स्पष्ट सल्ला: ३४-३४ पेक्षा जड गिअर घेऊन कोणी येऊ नये. गुडघे कुरकुरत असतील किंवा वजन जास्त असेल तर ३०-३४.

प्रेषक: कॉव्हेंट्री

काका, माझ्या सायकलला शिमानोचा ११-स्पीड १०५ (आर७०००) गिअर-संच आहे, छोट्या केजचं (पुली-चाकं धरणाऱ्या दांड्याचं) डिरेलर, म्हणजे चेन सरकवणारा भाग, आणि ११-२८ कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच. नुसतं कॅसेट बदलून भागेल का?

प्रेषक: लीड्स

नाही भागणार. आर७००० च्या छोट्या केजची मर्यादा ३० दात, लांब केजची ३४. म्हणजे तीन गोष्टी बदलाव्या लागतील: लांब केजचं मागचं डिरेलर, ११-३४ कॅसेट आणि चेन.

लोक दोन ठिकाणी चुकतात. पहिली चूक चेनची. जुनी चेन ११-२८ च्या मापाने कापलेली असते. ती ३४ दातांवर तशीच ठेवली आणि चुकून पुढची मोठी, मागची मोठी चकती लागली, तर चेन ताणून डिरेलर ओढते आणि हँगर (डिरेलर टांगायचा फ्रेमवरचा तुकडा) वाकतो किंवा तुटतो. मोजायची पद्धत अशी: डिरेलरमधून न नेता चेन मोठी-मोठी चकतीवर गुंडाळायची, दोन्ही टोकं जुळतील तिथून पुढे दोन कड्या जास्त ठेवून कापायची. नंतर बी-स्क्रू (डिरेलर आणि कॅसेटमधलं अंतर ठरवणारा) फिरवून वरचं पुली-चाक कॅसेटला घासत नाही ना, हे सगळ्यात हलक्या गिअरवर बघायचं.

दुसरी चूक हबवरच्या (मागच्या चाकाच्या मधल्या भागावरच्या) रिंगेची. शिमानोचं एचजी७०० किंवा एचजी८०० हे ११-३४ कॅसेट जुन्या १०-स्पीडच्या रुंदीचं आहे. ११-स्पीडच्या रोड हबवर ते बसवताना आधी १.८५ मिलिमीटरची रिंग घालावी लागते. ती विसरली की लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारी रिंग) पूर्ण आवळूनही कॅसेट हलतं आणि गिअर आपोआप उडतात.

पुढे ४६-३० दातांच्या चकत्या घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, नुसत्या चकत्या बदलून होत नाही, अख्खा क्रँक (पायडलचे दांडे धरून) बदलतो. तो जीआरएक्स (शिमानोचा खडीच्या रस्त्यांसाठीचा संच) असेल तर चेनची रेषा २.५ मिलिमीटर बाहेर सरकते, त्यामुळे पुढचं डिरेलरही जीआरएक्सचंच घ्या.

हे सगळं किमान तीन आठवडे आधी करा. नवी केबल पहिल्या दोन-तीन राइडमध्ये बसते आणि गिअर पुन्हा लावावे लागतात. ते काम आदल्या रात्री बी अँड बीच्या अंगणात करायची वेळ येऊ नये.

प्रेषक: बर्मिंगहॅम

नमस्कार,

खाण्याबद्दल लिहिते, कारण आपल्या गटात सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथेच होतं. तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. नऊ तासांची राइड, तासाला ७० ग्रॅम, म्हणजे ६३० ग्रॅम. दोन थांब्यांवर पोटभर खाऊन हे भरून निघत नाही. उलट बटरमिअरला तुडुंब खाल्लं की लगेच न्यूलँड्सचा चढ लागतो आणि पोटात गोळा येतो. थांब्यावर बाटल्या भरा, थोडं खारट खा आणि निघा.

घरचं काय चालतं? मोठा मेजूल खजूर बी काढून: एकात साधारण १६ ते १८ ग्रॅम. मऊ शिजवलेल्या भाताच्या वड्या, गूळ आणि चिमूटभर मीठ घालून, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळलेल्या: १०० ग्रॅम भातात २८ ग्रॅम, गुळाचे वेगळे. गुळपोळी चालते, पण तूप न लावता. शेंगदाण्याची चिक्की आणि बेसनाचे लाडू पहिल्या दोन तासांतच संपवा, कारण त्यातली चरबी पचायला वेळ घेते. कोल्ड फेलनंतर चावायची इच्छाच राहत नाही, तेव्हासाठी तीन-चार जेल (पाकिटातला गोड, न चावता गिळायचा खाऊ) किंवा जाडसर पेय राखून ठेवा.

पेय घरी करता येतं. ७५० मिलिलिटर पाण्यात ४० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, लिंबू किंवा कोकम आगळ. पाव चहाचा चमचा म्हणजे दीड ग्रॅम मीठ, त्यातून सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम मिळतं. आगळ खारवलेलं असेल तर मीठ घालू नका.

वेळ भुकेवर सोडू नका. घड्याळावर दर २० मिनिटांनी गजर लावा. चढावर धाप लागलेली असताना खाता येत नाही, त्यामुळे खाण्याची जागा माथ्याच्या आधीची नाही, उतार संपल्यानंतरची सपाटी आहे. आणि पायथ्याच्या दहा मिनिटं आधी शेवटचा घास. हार्डनॉटसाठी तो घास एस्कडेलच्या सपाटीवर.

प्रेषक: वॉटफर्ड

ताईंचं भाताच्या वड्यांचं प्रमाण करून बघतो. माझा मुद्दा वेगळा आहे. मंडळाचा गट म्हणून जातोय, तर शेवटपर्यंत सगळे एकत्रच राहू या ना. एकाला पंक्चर झालं तर सगळे थांबतील.

प्रेषक: सायकल गट समन्वयक, मँचेस्टर

दादा, भावना समजते, पण मी याच्या विरोधात आहे. चढावर एकत्र राहायचं म्हटलं की मागचा आपल्या ताकदीबाहेर चढतो आणि पुढचा गैरसोयीच्या वेगाने. दोघांचंही नुकसान. शिवाय माथ्यावर दहा-दहा मिनिटं थांबलं की घामाने भिजलेलं अंग गार पडतं. मे महिना असला तरी कर्कस्टोनचा माथा ४५४ मीटरवर आहे आणि तिथे वारा, पाऊस, गारठा कशाचाही भरवसा नाही.

म्हणून असं करू. चढावर प्रत्येकाने आपल्या गतीने. सपाटीला आणि वाऱ्यात तिघा-चौघांचे गट. वाऱ्यात गटाचा खरा उपयोग कोल्ड फेलच्या पट्ट्यात होतो. रस्ता उघडा, एका बाजूला समुद्र आणि चढ-उतारांच्या लाटा. तिथे एकटा अडकलेला माणूस हार्डनॉटसाठीचे पाय घालवून बसतो. तेव्हा एनर्डेल ब्रिजला पुढच्या-मागच्या दोन-तीन मिनिटांतल्यांना सोबत घ्या, आळीपाळीने पुढे राहा. पुढे राहण्याची पाळी लहान ठेवा, मिनिटभराची. पुढे येताना वेग वाढवायचा नाही, ही चूक दमलेला माणूस हमखास करतो. एकत्र थांबायची जागा एकच: कॉल्डर ब्रिज.

हाका मराठीतच मारू. इंग्रजीत ‘कार अप’ म्हणजे कुठे मागून येणारी गाडी, तर कुठे समोरून येणारी. आपलं ‘मागून गाडी’, ‘समोरून गाडी’, ‘खड्डा’ स्पष्ट आहे. बाकीच्या स्वारांसाठी हाताची खूण सोबत करा.

आता ब्रेक. हार्डनॉट चढण्याइतकंच त्याचं उतरणं अवघड आहे, आणि रायनोजची लिटल लँगडेलकडची उतरणही. रस्ता एका गाडीपुरता, खडबडीत, वळणं आतून जास्त उभी. रिम ब्रेक असतील तर नवे पॅड लावा, रिम स्पिरिटने पुसा. कार्बन रिम आणि लेटेक्स ट्यूब ही जोडी इथे आणू नका. सतत दाबलेल्या ब्रेकने रिम तापते आणि ट्यूब फुटते. डिस्क असेल तर पॅडवरचा थर ०.५ मिलिमीटरपर्यंत आला असेल तर बदला. नवे पॅड २०-२५ वेळा वेगातून सावकाश थांबवून बसवून घ्या. न बसवलेला पॅड पहिल्याच उतारावर किंचाळतो आणि धरत नाही.

उतरताना हात खालच्या वळलेल्या हँडलवर, वजन मागे, ब्रेक वळणाआधी जोरात आणि वळणात सैल. जनावरांसाठीच्या लोखंडी जाळ्या काटकोनात, सरळ, ब्रेक न दाबता ओलांडायच्या. मेंढ्या रस्त्यातच बसतात आणि एक उठली की तिचं कोकरू दुसऱ्या बाजूने धावतं, तेव्हा पहिली गेली म्हणून वेग वाढवू नका. टायर २८ मिलिमीटरचे, हवा ७०-७५ पीएसआय. ७५ किलोच्या स्वाराला पुरे.

प्रेषक: कॉव्हेंट्री

प्रत्यक्ष हार्डनॉटवर काय करायचं? आणि पाय टेकला तर?

प्रेषक: लीड्स

हार्डनॉटचे तीन भाग पाडा. जाळी ओलांडली की पहिला भाग, झाडांतून, एकदम उभा. इथे घाई करू नका. सगळ्यात हलका गिअर जाळीच्या आधीच टाका, कारण पूर्ण जोर असताना चेन खाली येत नाही. मधला भाग रोमन किल्ल्याच्या अवशेषांजवळ सैल होतो. तिथे बसून श्वास सावरा, बाटली काढा. तिसरा भाग वरच्या वळणांचा, सगळ्यात क्रूर.

बसून चढताना पुढचं चाक उचललं जातं, उभं राहिलं तर ओल्या रस्त्यावर मागचं घसरतं. मधला मार्ग: खोगिराच्या टोकावर बसा, कोपरं वाकवा, छाती हँडलजवळ आणा. वळणात बाहेरची कड कमी उभी असते, पण समोरून गाडी येत नसेल तरच ती घ्या.

पाय टेकणार असं वाटलं की आधीच क्लीट (बूट पायडलला अडकवणारा तळाचा तुकडा) सोडवा. वेग शून्यावर आल्यावर सोडवायला गेलं की माणूस आडवा होतो. परत चढायचं तर सायकल रस्त्याला तिरकी धरा, ब्रेक दाबून ठेवा, पायडल घड्याळातल्या दोनच्या जागी, आणि आडवं जात पहिले दोन फेरे मारा. जमलं नाही तर सरळ चाला, तिथे कितीतरी जण चालतात. पण रोडच्या प्लास्टिक क्लीटवर ओल्या डांबरावर पाय घसरतो, म्हणून क्लीटची रबरी टोपणं खिशात ठेवा. डोंगरी सायकलचे बूट असतील तर हा प्रश्नच नाही.

माथ्यावर जल्लोष करून ताकद संपवू नका, रायनोज उरलेला असतो. खालचा लांब सपाट पट्टा फसवा आहे, खरा चढ अगदी शेवटी येतो. त्यानंतर ब्ली टार्न.

सरावाला बॉक्स हिल पुरेसा नाही, तो फारच सौम्य आहे. लंडनकरांनी केंटमधला यॉर्क्स हिल गाठावा. उत्तरेकडच्यांनी विनॅट्स पास किंवा केटलवेलचा पार्क रॅश. पण ताज्या पायांनी नाही. आधी १०० किलोमीटर करून मग शेवटी तो चढ.

प्रेषक: सायकल गट समन्वयक, मँचेस्टर

मग येत्या शनिवारी विनॅट्स. मँचेस्टर पिकॅडिलीहून होप स्टेशनला ट्रेनने येणारे तिथे भेटतील, बाकीचे सायकलने. कॉव्हेंट्री, नवं कॅसेट लावून आलात तर वाटेत गिअर जुळवून घेऊ. चेन-टूल आणि ४, ५ मिलिमीटरच्या ॲलन चाव्या मी आणतो. ताई, भाताच्या वड्या दहा जणांपुरत्या होतील का?