होळीनंतर पुण्याची हवा म्हणे निर्मळ!

खडूस_केमिस्ट
परवा इथे कुणीतरी लिहिलं, "होळी झाली की पुण्यातलं धुरकं संपतं, मास्क कपाटात टाका." आकाश निळं दिसलं म्हणजे झालं? मार्च ते मे हाच आपल्याकडे ओझोनचा हंगाम. वरचा ओझोन थर नव्हे, जमिनीलगतचा, फुफ्फुसांना जाचणारा वायू, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ऊन नायट्रोजन डायऑक्साइड फोडतं, सुटा ऑक्सिजन अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो, ओझोन तयार. एवढंच असतं तर नायट्रिक ऑक्साइडनं तो परत खाल्ला असता. पण पेट्रोलची, थिनरची वाफ मध्ये पडते, नायट्रिक ऑक्साइडचं परस्पर डायऑक्साइड करून टाकते आणि ओझोन साचत जातो. भर दुपारी सर्वात जास्त. मास्कचं म्हणाल तर एन-95 कण अडवतो, वायू नाही.

तिरपी_रेघ
आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! लोक पीएम 2.5 नं, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांनी, खोकतायत आणि तुम्ही ओझोन काढलात. उपाय एकच, गाड्या कमी करा. लॉस एंजेलिसनं नाही केलं?

खडूस_केमिस्ट
नाही केलं! तिथे 1943 मध्ये लोकांनी एका रबराच्या कारखान्यावर खापर फोडलं. तो थांबवला तरी धुरकं तसंच. गाड्यांचा धूर अधिक ऊन हे गणित रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी पुढे 1950 च्या सुमारास मांडलं. 1975 पासून तिथल्या नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा धूर साफ करणारे डबे, आले. गाड्या वाढतच गेल्या, धुरकं मात्र घटलं. आणि 2020 च्या लॉकडाउनमध्ये रस्ते ओस पडले, तरी अनेक शहरांत ओझोन वाढला. खाणारा नायट्रिक ऑक्साइडच उरला नव्हता.

हिरवळ
झाडं लावा, सगळं सुटेल.

खडूस_केमिस्ट
नीलगिरी नका लावू म्हणजे झालं. तिच्यातून आयसोप्रीन नावाची वाफ सुटते, तेही याच भट्टीतलं सरपण.

स्पार्कप्लग
कन्व्हर्टरचं कौतुक पुरे. एक प्लग मिसफायर होऊ द्या, न जळलेलं पेट्रोल आत जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. ऑक्सिजन सेन्सर आळसावला की हवा-पेट्रोलचं 14.7 ला 1 हे मिश्रण हलतं. पातळ झालं, म्हणजे हवा जास्त झाली, की नायट्रोजनचे ऑक्साइड तसेच बाहेर. पीयूसीत हे कळतं? पेट्रोल गाडीचे फक्त कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात.

तिरपी_रेघ
अर्धवट माहिती देऊ नका. बीएस-4 पासून 2500 आरपीएमला लॅम्डाही (हवा-पेट्रोलचं प्रमाण, नेमकं असेल तर 1) बघतात, 0.97 ते 1.03. नियम वाचा.

स्पार्कप्लग
नियम तोंडपाठ आहे साहेब. सेंटरवर 2500 ला गाडी धरताना कुणी दाखवा, मी चहा पाजतो. धरली तरी गाडी जागेवर उभी, इंजिनावर भार शून्य. नायट्रोजनचे ऑक्साइड भाराखाली, सिलिंडर तापल्यावर बनतात. घाट चढणारी गाडी मोजा, मग बोला.

तिरपी_रेघ
मग डिझेलला नुसता धूर मोजतात, त्यावर गप्प का? काचेतून प्रकाश आरपार गेला की पास!

स्पार्कप्लग
गप्प कुठे? तेही थोतांडच. बीएस-6 ट्रकांत नायट्रोजनचे ऑक्साइड मारायला 32.5 टक्के युरियाचं द्रावण लागतं. ते टाळायला इम्युलेटर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला खोटा सिग्नल देणारं यंत्र, लावलं की धूर तेवढाच दिसतो, नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र तसेच बाहेर.

तिरपी_रेघ
ठीक, पीयूसीबद्दल तुमचं खरं. ओझोनही असेल. पण मग सामान्य माणसानं करायचं काय, श्वास बंद?

खडूस_केमिस्ट
पेट्रोल संध्याकाळी भरा, नोझल थांबला की वर "राउंड फिगर" करून टाकी ओतवू नका. ऑइल पेंटऐवजी पाण्याचा रंग घ्या. पोरांचा सराव सकाळी सातला, दुपारी चारला नको. आणि पंपावर वाफ परत ओढणारा नोझल आहे का, मालकाला विचारा. नसेल तर तोंड बघण्यासारखं होतं.