एक इंची टोपोशीट: सर्व्हेचं साल कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

मी वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) भागातला. आमच्याकडे गवळाऊ गाई. गावानं चराईसाठी सामूहिक वनहक्काचा दावा करायचं ठरवलंय. 2006 च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्क स्पष्ट लिहिलाय आणि नियम 13 प्रमाणे सरकारी नकाशे पुरावा म्हणून जोडता येतात.

गावातल्या एका जुन्या पेटीत भारतीय सर्वेक्षण विभागाचा 55 के/8 हा नकाशा मिळाला. एका इंचाला एक मैल, उंची फुटात, वर सेंट्रल प्रॉव्हिन्सेस छापलेलं. वस्ती अगदी तुरळक. बाकी बरड, झुडपं, टेकड्यांच्या तपकिरी रेषा आणि एक रिठ, म्हणजे उजाड झालेल्या गावाची जागा. आमचे म्हातारे गायकी (गुराखी) त्याच रिठाला आखर, म्हणजे गुरं गोळा करून बसवायची जागा, म्हणतात. नकाशात ती जागा पाहून सगळे किती हरखले, काय सांगू!

अडचण अशी की समासाचा भाग वाळवीनं खाल्लाय. छापल्याचं साल दिसतं, मोजणीचं नाही. आम्ही आदिवासीत मोडत नाही, त्यामुळे 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. हिशेब 1930 पर्यंत मागे जातो. छपाई मोजणीनंतर बरीच उशिरा झालेली असू शकते, म्हणून मोजणीचं सालच महत्त्वाचं.

याच शीटची धड प्रत कुणाकडे आहे का? निदान समासाचा फोटो टाका. अमेरिकी लष्कराचे 1:2,50,000 चे नकाशे नेटवर आहेत, पण त्यात एवढं बारीक काही कळत नाही.

दुसरं, रिठाजवळचा नाला काळ्या रेषेनं काढलाय, म्हणजे कोरडा. पण त्यात एका ठिकाणी निळा ठिपका आहे. तिथे डोह आहे, गुरं उन्हाळ्यात तिथंच पाणी पितात. निळा रंग म्हणजे बारमाही पाणी, असं दाव्यात लिहिलं तर चालेल का? की मोजणीच्या हंगामात पाणी होतं एवढंच म्हणता येईल?

मालकी टोपोशीटवरून ठरत नाही हे ठाऊक आहे. त्यासाठी निस्तार पत्रक (गावाच्या चराई, सरपण वगैरे हक्कांची सरकारी नोंद) आणि गावनकाशाची नक्कल वेगळी मागितली आहे. ज्यांनी असा दावा स्वतः लिहिलाय त्यांनी नकाशा कसा जोडला तेही सांगा. ग्रामसभा तोंडावर आली आहे.