हुकुमचंद मिलच्या जमिनीवर घरं होतील, शिलाई कुठे बसणार?

तागेवाला
इंदूरची हुकुमचंद कापड मिल १९९२ मध्ये बंद पडली. कामगारांचे थकलेले सुमारे २२४ कोटी रुपये डिसेंबर २०२३ मध्ये एकदाचे सुटले आणि जमीन राज्य सरकारनं घेतली. आता तिथे घरं आणि दुकानं येणार. घरांना विरोध नाही, पण खालचे दोन मजले शिलाईच्या कारखान्यांसाठीच बांधावेत.

मालवा मिल, परदेशीपुरा, पाटनीपुरा या पट्ट्यात रेडीमेडचं काम वाटून चालतं. कटिंग एकाकडे, शिलाई दुसऱ्याकडे, काज-बटण तिसरीकडे. धागे कापणं बायका घरी करतात, शेवटी प्रेस आणि पॅकिंग. गठ्ठा सायकलवर फिरतो म्हणून पीसमागे मिळणारे चार पैसे उरतात. कटिंगवाला बाहेर गेला की मागची सगळी रांग रिकामी बसते.

हे फ्लॅटमध्ये होत नाही. ५८ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडाला कटिंगचं टेबल ५ फूट रुंद आणि कापडाचे थर लावायला निदान २० फूट लांब हवं. चहूबाजूंनी अडीच फूट सोडलं की २५० चौरस फूट गेले. आवास योजनेतलं छोटं घर फार तर ३० चौरस मीटर, म्हणजे ३२३ चौरस फूट, आणि तेही भिंतींनी कापलेलं.

हिशेबनीस
तागेवाले साहेब, पैशाचं बोला. २२४ कोटींना मिलच्या सुमारे ४२ एकरांनी भागलं तर चौरस फुटाला १,२०० रुपये पडतात. त्यात बँकांची देणी धरलेली नाहीत. रस्ते, मोकळी जागा, नाल्या यांसाठी ४० टक्के सोडले तर तोच आकडा २,००० होतो, अजून एक वीटही रचलेली नसताना. तो खर्च दुकानं आणि मोठे फ्लॅट विकूनच निघणार, शिलाईवाल्याच्या भाड्यातून नाही. उद्योगासाठी सांवेर रोडची औद्योगिक वसाहत आहे, परदेशीपुऱ्यात रेडीमेड कॉम्प्लेक्स आहे. शिवाय स्वस्तात दिलेला गाळा थोड्या वर्षांत गोदाम नाहीतर शोरूम होतो, हे कोणाला सांगायला नको.

तागेवाला
म्हणूनच गाळा विकायचा नाही, भाडेपट्ट्यानं द्यायचा. ४००-५०० चौरस फुटांचा, आणि मोठ्या रस्त्याकडे दर्शनी बाजू नसलेला. तिथे शोरूम थाटून गिऱ्हाईक कुठून आणणार? सांवेर रोडचं म्हणाल तर कारखाना जाईल, पण धागे कापणारी बाई तिथे जाणार नाही.

सळई-सिमेंट
दोघंही मूळ गोष्ट विसरताय, ती म्हणजे स्लॅब. राहण्याच्या खोलीचा वापर-भार, म्हणजे माणसं आणि सामानाचं वजन, भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात. हलक्या यंत्रांच्या कामाला ५०० धरावा लागतो. शिलाईचं मशीन हलकं असतं, अडचण कापडाची आहे. १०० मीटरचा सुती तागा २०-२२ किलोचा, आणि ताग्यांची छातीइतकी थप्पी लागली की चौरस मीटरवर ५०० च्या पुढे. राहण्यासाठी बांधलेल्या स्लॅबवर हे चढवलं की आधी तो मधोमध बसतो, मग खालून तडे दिसतात. नंतर सुधारायचं म्हणजे खालून लोखंडी तुळया घालायच्या, आणि खालच्या घराची उंची जाते.

तळमजल्याला ही चिंताच नाही, भार जमिनीवर येतो. वाढीव खर्च मुख्यतः पहिल्या मजल्याचा. पाया इथे तसाही काळी माती काढून मुरूम किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो. तेव्हा तागेवाल्यांची मागणी परवडणारी आहे, पण नकाशावर, आत्ता. इमारत उभी राहिल्यावर मागू नका.

स्नेहलतागंजकर
आणि आगीचं काय? चिंध्या, लिंट (कापडाचे उडणारे तंतू), प्रेसचं बॉयलर, आणि वर लहान मुलं झोपलेली. राष्ट्रीय इमारत संहितेत राहण्याची इमारत गट ‘ए’ आणि कारखाना गट ‘जी’ उगाच केलेले नाहीत. जिन्यात गठ्ठे रचून ठेवायची आपली सवय सुटणार आहे का? दिवाळीआधी रात्री एकपर्यंत मशिनं चालतात. मशिनच्या पायांखाली रबर घातलं तरी हादरा खांबातून वर जातोच. घरं हवीत तर घरंच बांधा. आणि तीस वर्षांत तिथे वाढलेली झाडं कोणाच्या हिशेबात आहेत?

रामबाग
गेडिसची आठवण काढतो. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिसनं १९१८ मध्ये इंदूरच्या होळकर दरबाराला नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल दिला. जुन्या पेठा सरसकट पाडू नका, पडकं तेवढंच काढून मोकळी जागा करा, असं तो सांगत होता. राजवाड्याभोवती रुंदीकरणात घरांचे दर्शनी भाग कापले गेले, तेव्हा कोणी ऐकलं?

हिशेबनीस
गेडिस जुन्या पेठेबद्दल बोलला. मिलची रिकामी जमीन म्हणजे पेठ नव्हे. शिवाय गिरण्यांजवळ कामगारांची वेगळी वस्ती त्यानंच मांडली होती. कामाजवळ घर म्हणा हवं तर, कामावर घर नव्हे.

सळई-सिमेंट
मग दोन वेगळ्या इमारती करा, मध्ये दहा मीटर आणि जिने वेगळे. स्नेहलतागंजकरांची आग आणि हादरा दोन्ही तिथेच मिटतात. मात्र लहान फ्लॅटच्या इमारतींत पहिली बंद पडते ती लिफ्ट, मग पंप, कारण देखभालीची वर्गणी थकते. गाळ्यांचं भाडं सोसायटीच्या खात्यात वळवलं तर ते बिल निघेल.

हिशेबनीस
आणि गाळेवाल्यानं भाडं थकवलं, की सहाव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांनी पाणी बादलीनं न्यायचं?