मदत हवी आहे: तांब्याच्या ह्युगोनिओवरून आयसेंट्रोप

सोलापुरात एमएस्सीच्या मुलांसाठी तांब्याचं गणित मांडतोय: ह्युगोनिओवरून (शॉकनंतर गाठता येणाऱ्या अवस्थांची वक्ररेषा) आयसेंट्रोप (एन्ट्रॉपी स्थिर ठेवून दाबण्याचा मार्ग) काढायचा. घनता 8.93 ग्रॅम/घसेमी, शॉकवेग = 3.94 + 1.489 × कणवेग (म्हणजे शॉकमागच्या पदार्थाचा वेग; दोन्ही किमी/से). कणवेग 1 धरला की शॉकवेग 5.43, दाब सुमारे 48.5 गिगापास्कल, आकारमान मूळच्या 0.816 पट. इथवर ठीक. (मुलं ह्युगोनिओलाच मार्ग समजतात, उडी रॅले रेषेवरून, म्हणजे सुरुवातीची आणि शेवटची अवस्था जोडणाऱ्या सरळ रेषेवरून असते, म्हणून ऊर्जावाढ ½ × दाब × आकारमानघट, म्हणजे 0.5 किलोजूल/ग्रॅम.)

अडतं पुढे. ग्रुनायझेन गुणांक (औष्णिक ऊर्जेने दाब किती वाढतो ते सांगणारा) 2 घेऊन ही सगळी ऊर्जा औष्णिक मानली तर ह्युगोनिओच्या दाबातून 8.9 गिगापास्कल वजा होतात, जे जास्तच. त्यातली बरीच ऊर्जा नुसत्या दाबण्यात जाते. आयसेंट्रोपची ऊर्जा पायरीपायरीने काढताना आकारमानाची पायरी किती ठेवता? आणि गुणांक भागिले आकारमान स्थिर धरणं मूळच्या 0.8 पट आकारमानापर्यंत चालेल का?