मदत हवी आहे: साइन लँग्वेज घरातूनच येते, त्यावर करिअर होईल का?

सांगलीची_चिमणी:

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

माझे आई-पप्पा दोघंही जन्मापासून बधिर आहेत. मला आणि धाकट्या भावाला ऐकू येतं. घरात सगळं हातांनीच चालतं, बोलायला मी आजीकडे शिकले. पप्पा छापखान्यात बाइंडिंगला होते, आता घरीच असतात, आई शिवणकाम करते. बँक, दवाखाना, तलाठी, भावाच्या शाळेतली पालकसभा, कुठेही गेलं की मध्ये मीच. पप्पांचे मित्र पण रविवारी कागदपत्रं घेऊन येतात, हे काय आलंय वाच म्हणून.

मी बीकॉम, एका पतसंस्थेत क्लार्क आहे, पगार सांगण्यासारखा नाही आणि वाढेल असंही वाटत नाही. मध्यंतरी इथल्या एका पोलीस ठाण्यातून फोन आला, एका बधिर बाईंचा जबाब घ्यायचाय, याल का. गेले. प्रकरण काय ते इथे लिहीत नाही. त्यांनी आधी सर्टिफिकेट विचारलं, माझ्याकडे कसलंच नाही, तरी चालवून घेतलं कारण दुसरं कोणी मिळेनाच. चहा पाजला, थँक्यू म्हणाले, झालं. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की आपल्याला येतं ते काम जर लोकांना एवढं लागतंय तर त्याचा रीतसर व्यवसाय का नाही करायचा.

तर कोर्स कुठला करावा, नोकरी सांभाळून होतो का, घरची भाषा येत असेल तर दोन वर्षं घालवायची गरज आहे का, आणि मेन म्हणजे त्यावर पोट भरतं का, हे कुणी अनुभवी सांगेल का प्लीज. यूट्यूबवर बघितलं तर डोकं फिरलं, प्रत्येकजण वेगळंच शिकवतोय.

निवांत_पाटील:

माहिती शून्य, पण धागा वर काढतोय. आमच्या गल्लीतल्या एका मुलाला याचा उपयोग होईल.

दोनहाती:

मी मुंबईत हेच काम करते त्यामुळे जरा मोठं लिहिते, सांभाळून घ्या.

कोर्सचं नाव डिस्ली, म्हणजे डिप्लोमा इन इंडियन साइन लँग्वेज इंटरप्रिटेशन, थोडक्यात दुभाष्याचं काम. दोन वर्षांचा, फुल टाइम, बारावीनंतर करता येतो. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे आणि पास झाल्यावर तिथे नाव नोंदवून नंबर मिळतो. पोलिसांनी तुला विचारलं ना, ते हेच. दिल्लीत ओखल्याला आयएसएलआरटीसी आहे, म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र, केंद्र सरकारची संस्था, २०१५ ला झाली, तिथे होतो, आणि आपल्याकडे वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग या वाचा-श्रवण दिव्यांगांच्या राष्ट्रीय संस्थेत. नोकरी सांभाळून होत नाही, हे आधीच सांगते. हजेरी असते, प्रॅक्टिकल असतं, संध्याकाळी बधिरांच्या क्लबात जाऊन बसावं लागतं. माझ्या बॅचला तिशी ओलांडलेलेही होते, त्यामुळे वयाचं मनावर घेऊ नकोस.

अजून एक, आयएसएलआरटीसीने ज्यांच्या घरात बधिर आईवडील किंवा भावंडं आहेत त्यांची क्षमता तपासून प्रमाणपत्र द्यायची वेगळी सोय केलेली आहे. तुझ्यासारख्यांना कोडा म्हणतात, बहीण-भाऊ बधिर असतील तर सोडा. त्यांच्या साइटवर लक्ष ठेव, नोटीस येऊन जाते आणि आपल्याला पत्ता नसतो.

आता गरज आहे का विचारलंस. तुझे हात तयार आहेत, ती तुझी कमाईच आहे, आमच्या बॅचमधले बरेचजण दोन वर्षं घासून पण कोडा मुलांसारखा चेहरा आणू शकले नाहीत, आणि या भाषेत प्रश्न आहे की विधान हे भुवयांवर ठरतं त्यामुळे चेहरा नसेल तर हात कितीही चालवा. पण घरी इंटरप्रिट करायची जी सवय असते ना ती मोडायला लागते. डॉक्टर दहा मिनिटं बोलला की आपण वळून सांगतो, काही नाही, गोळ्या दिल्यात, महिन्याने या म्हणालेत. सगळ्या घरांत हेच चालतं, आणि बधिर माणसं आयुष्यभर हेच ऐकत आलेली असतात, नंतर सांगते, काही विशेष नाही. व्यवसायात हे अजिबात चालत नाही. वाईट बातमी असली तरी जशीच्या तशी हातातून गेली पाहिजे, शिवी दिली तर शिवी. माणूस म्हणाला माझं पोट दुखतंय तर तूही 'माझं पोट दुखतंय' असंच म्हणायचं, 'ते म्हणतायत की' असं नाही. सल्ला द्यायचा नाही, बाजू घ्यायची नाही, बाहेर येऊन कुणाला सांगायचं नाही. पोलीस प्रकरण काय ते तू लिहिलं नाहीस, तिथेच मला बरं वाटलं.

पैशाचं खरं सांगू का. नोकऱ्या थोड्या आहेत. बहुतेक फ्रीलान्स, तासावर किंवा हाफ डे फुल डे. कंपन्यांची ट्रेनिंग, कॉलेजची लेक्चरं, टीव्ही, कार्यक्रम, अधूनमधून कोर्ट. २३ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन असतो, त्या सुमारास सगळ्यांना एकदम आपली आठवण येते, मग ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनाला. बाकी काही महिने अगदी सुके जातात. आणि फुकटात या हो, समाजसेवा आहे, असं म्हणणारे पावलोपावली भेटतील. कार्यक्रम लांब असेल तर दोन इंटरप्रिटर मागायचे, वीसेक मिनिटांनी आलटून पालटून, नाहीतर डोकं बधिर होतं आणि चुका व्हायला लागतात. आयोजकांना वाटतं दुसऱ्याचे पैसे कशाला. त्यावरून भांडायला शिक.

शंकेखोर:

नाउमेद करायचं नाहीये, पण आता लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून बसवायचं ऐकण्याचं यंत्र) होतायत, सरकारी योजनेत पण होतात, वर एआय ॲप्स येतायत. दहा वर्षांनी हे काम उरेल का?

दोनहाती:

@शंकेखोर, इम्प्लांट सगळ्यांना होत नाही, झालं तरी मशीन काढलं की ऐकू येत नाही, आणि २०११ च्या जनगणनेत ऐकू न येणाऱ्यांचा आकडाच पन्नास लाखांच्या वर होता. ॲपचं म्हणाल तर कॅमेऱ्यासमोर एकेक खूण ओळखणं वेगळं आणि घाबरलेल्या माणसाचा जबाब समजणं वेगळं. माझं काम जाईल तेव्हा जाईल.

खडूफळा:

मी कर्णबधिर शाळेत शिक्षिका आहे. शाळेत शिकवायचं असेल तर डिस्ली चालत नाही, स्पेशल डीएड किंवा बीएड लागतं, श्रवणदोषवालं, ते पण आरसीआय मान्य. आमच्याकडे कित्येक वर्षं वर्गात बोलून शिकवायचं, ओठ वाचायला लावायचं, हात हलवू द्यायचे नाहीत, आणि सुट्टी झाली की पोरं मैदानात हातांनी धो धो बोलायची. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणात साइन लँग्वेजचा उल्लेख आला तसं जरा वारं फिरलंय, पण शिक्षकांनाच नीट येत नाही ही अडचण आहे. तू बीएड केलंस तर तुझ्यासारखी बाई वर्गात मिळणं म्हणजे पोरांची चैन.

पण एक सांगते, रागावू नकोस. साइन लँग्वेजचे क्लास काढायचा विचार मनात येईल, कारण पैसे तिथे लवकर दिसतात. ते काम बधिर माणसांसाठी सोड. भाषा शिकवायचा वेगळा डिप्लोमा आहे, डीटीआयएसएल, आणि तो फक्त बधिर उमेदवारांसाठीच आहे. ऐकू येणाऱ्याने क्लास काढला की बधिर समाजात नाव खराब होतं, आणि इंटरप्रिटर म्हणून तुला काम तेच लोक देणार आहेत. फारच वाटलं तर पप्पांना शिकवायला बसव, तू शेजारी बसून त्यांच्या खुणा बोलून सांग.

यूट्यूबचं म्हणशील तर त्यातलं निम्मं अमेरिकन असतं. एबीसीडी एका हाताने काढत असतील तर पुढे जा, आपली दोन हातांची. आयएसएलआरटीसीच्या चॅनेलवर डिक्शनरी आहे, २०२१ मध्ये दहा हजार शब्द झाले. ती बघ.

सांगलीची_चिमणी:

बापरे एवढं सगळं, खूप खूप थँक्यू. खडूफळा ताई, रागवायचं काय त्यात, पप्पा हे वाचून हसतायत (मी हाताने सांगितलं), म्हणाले फी किती घेऊ विचार.

डिक्शनरी बघितली. खूप खुणा आमच्या वेगळ्या आहेत, वार, आकडे, रंग, नाती. पप्पा म्हणतात ही दिल्लीची. मग मला जे येतं ते चुकीचं धरतील का? आणि कोर्टाचं कुणी सांगेल का, तिथे पैसे मिळतात की तिथेही चहाच?

दोनहाती:

चुकीचं कसं, तुमच्याकडची आहे. प्रत्येक शहरात शब्द बदलतात, वाक्याची बांधणी बरीचशी सारखीच राहते, 'काय' 'कुठे' शेवटी येतं वगैरे. कोर्समध्ये प्रमाण खुणा शिक, पण पप्पांच्या मित्रांच्या खुणा अजिबात सोडू नकोस. खेड्यात कधीच शाळेत न गेलेली म्हातारी माणसं असतात, त्यांच्या खुणा फक्त घरच्यांना कळतात, तिथे दिल्लीहून आलेला हुशार इंटरप्रिटर पण नुसता बघत राहतो. अशा वेळी आम्ही बधिर माणसालाच सोबत घेतो, तो त्यांच्याशी बोलतो आणि माझ्याकडे वळून मला कळेल असं सांगतो. तुझ्या पप्पांना ते काम झकास जमेल, आणि त्याचेही पैसे मागायचे.

आणि मराठी! आमच्यात बहुतेकांचं इंग्लिश नाहीतर हिंदी चांगलं. मराठीत जबाब नोंदवायचा म्हटलं की माणसं मिळत नाहीत.

काळा_कोट:

वकील आहे, कोर्टापुरतं सांगतो. बोलू न शकणारा साक्षीदार खुणांनी साक्ष देऊ शकतो हे पुराव्याच्या कायद्यात आधीपासून आहे, २०१३ च्या दुरुस्तीत कोर्टाने इंटरप्रिटर किंवा स्पेशल एज्युकेटरची मदत घ्यायची आणि व्हिडिओ शूटिंग करायचं हेही घातलं. शूटिंग असतं म्हणजे तुम्ही काय सांगितलं ते उद्या समोरचा वकील दुसऱ्या इंटरप्रिटरला दाखवून तपासू शकतो, तेव्हा दोनहाती ताई म्हणतात तसं गाळणं बिळणं कोर्टात अंगाशी येईल. सप्टेंबर २०२३ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयात एका बधिर वकील बाईंनी इंटरप्रिटरच्या मदतीने काम पाहिलं. वरती वारा चांगला आहे, तालुक्याच्या कोर्टात यायला वेळ लागेल.

पैशाचं म्हणाल तर पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या केसेस बघा. २०२० च्या नियमांत स्पष्ट आहे की जिल्हा बाल संरक्षण कक्षाने इंटरप्रिटर, अनुवादक, स्पेशल एज्युकेटर यांची यादी ठेवायची, आणि मानधन सरकारने द्यायचं. साइन लँग्वेजच्या बाबतीत मान्यताप्राप्त संस्थेची पात्रता असावी असंही त्यात आहे, म्हणून तो डिप्लोमा हवाच. दिरंगाई होते, बिलं अडकतात, पण हक्काचे पैसे आहेत, चहावर भागवायचं काही कारण नाही.

रानजाई:

चिमणे, तू मुंबईला गेलीस की आईपप्पांबरोबर कोण? हे कुणी विचारलंच नाही म्हणून विचारते.

सांगलीची_चिमणी:

रानजाई ताई, तोच तर घोळ आहे. भावाला साइन येते पण तो लाजतो, चारचौघांत हात बाहेर काढत नाही. पप्पांचं म्हणणं आहे की तू जा, आम्ही तू जन्मायच्या आधीपण दवाखान्यात जातच होतो, कागदावर लिहून. आई मात्र गप्प आहे. व्हिडिओ कॉलवर मी तिथून पण इंटरप्रिट करू शकते म्हणा, डॉक्टर फोन समोर धरायला तयार असतील तर.

सध्या असं ठरवतेय की यंदाच्या ॲडमिशनची नोटीस आली की वांद्र्याला फॉर्म भरायचा, कोडावाली परीक्षा निघाली तर ती पण द्यायची, आणि तोवर नोकरी सोडायची नाही. काळा कोट दादा, डिप्लोमा व्हायच्या आधी बाल संरक्षण कक्षात नुसतं नाव देऊन ठेवलं तर चालेल का? की हसतील?

काळा_कोट:

हसत नाहीत, बऱ्याच ठिकाणी त्यांच्या यादीत साइन लँग्वेजपुढे जागा रिकामीच असते. यादीत रीतसर नाव पात्रता झाल्यावरच लागेल, पण तुम्ही जिल्ह्यात आहात हे त्यांना माहीत असू दे. साध्या मराठीत अर्ज करा, आईपप्पांच्या यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झेरॉक्स जोडा, कोणत्या भागातल्या खुणा येतात ते लिहा, तशीच एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात द्या. आणि दोन्हीकडे पोच घ्या, शिक्क्यासकट.