फर्स्ट इयर व्हायवा: हिप बोन कसं धरायचं, आणि एसआय जॉइंटमध्ये नक्की काय विचारतात?

बीपीटीएच_पहिलं_वर्ष: सोमवारी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. हिप बोन (कमरेचं हाड) हातात आलं की माझी तंतरते. डावं-उजवं जमतं, पण धरलं की मॅडम म्हणतात, "अशी उभी राहतेस का तू?" शिवाय नोट्समध्ये एसआय जॉइंट (हिप बोन आणि सॅक्रम, म्हणजे कण्याच्या खालचं त्रिकोणी हाड, यांचा सांधा) सायनोव्हियल, म्हणजे पोकळीवाला, लिहिलाय आणि तो जवळजवळ हलत नाही असंही. हे कसं काय?

इंटर्न_चालू: ॲसिटॅब्युलम (मांडीच्या हाडाची खोबण) बाहेर, मोठं भोक खाली, प्यूबिस (जांघेकडचा भाग) पुढे. बास. मी एवढ्यावर पास झालो.

डिसेक्शन_हॉलवाल्या_बाई: पास होशील गं, पण ऐक. सगळी मुलं पेल्व्हिस (दोन हिप बोन आणि सॅक्रम मिळून) परातीसारखा सपाट धरतात. हाड भिंतीला लाव. वरचं पुढचं टोक, म्हणजे एएसआयएस, आणि खालचं प्यूबिक ट्युबर्कल (प्यूबिसवरचा उंचवटा), दोन्ही एकदम भिंतीला टेकली पाहिजेत. मग दिसेल की इनलेट, म्हणजे पेल्व्हिसचं वरचं तोंड, किती कलतं, आडव्या पातळीशी साधारण ५५ ते ६० अंश. मॅडमना तेच हवंय.

आता एसआय. हाडाच्या आतल्या बाजूला कानाच्या आकाराचा भाग शोध आणि त्यावरून बोट फिरव. उंचवटे, खळगे लागतील. लहान मुलात हा भाग बराच सपाट असतो, वयाबरोबर खडबडीत होत जातो. पोकळी आहे, कार्टिलेज (कूर्चा) आहे, म्हणून सायनोव्हियल. पण हालचाल जेमतेम दोन-चार अंश. त्याच्या मागची ओबडधोबड जागा मुलं सोडून देतात आणि परीक्षक नेमकं तिथंच बोट ठेवतात. तिथं इंटरऑसियस लिगामेंट (हाडं बांधणारा पट्टा).

सॅक्रम पाचरीसारखं घट्ट बसतं, असं लिहून येऊ नकोस. हातात घेऊन बघ, ते मागच्यापेक्षा पुढून रुंद आहे. म्हणजे वजन आलं की पुढे, पेल्व्हिसच्या आत घसरायला बघणार. मागची लिगामेंट्स त्याला टांगून धरतात. वरचं टोक पुढे झुकलं की खालचं मागे उचलणार. ते सॅक्रोट्युबरस आणि सॅक्रोस्पायनस ही लिगामेंट्स अडवतात. हे चित्र काढून सांगितलंस तर पुढचा प्रश्न येत नाही, स्वानुभव.

बीपीटीएच_पहिलं_वर्ष: बाई, भिंतीवर करून बघितलं, भारीच! सिम्फिसिसवर (दोन्ही प्यूबिस पुढे जुळतात तो सांधा) काय विचारतील?

फिजिओ_ओपीडी: पोकळी नसलेला सांधा, मध्ये फायब्रोकार्टिलेजची चकती. फट एरवी ४-५ मिमी, गरोदरपणात आणखी २-३ मिमी वाढते. १० मिमीच्या वर गेली तर डायस्टेसिस, म्हणजे सांधा फाकणं. अशा बायका म्हणतात, चालण्यापेक्षा रात्री कूस बदलताना जीव जातो. दोन्ही गुडघे जुळवून, एकत्रच वळायला सांगतो.

डिसेक्शन_हॉलवाल्या_बाई: बरोबर. आणि पेल्व्हिस ही रिंग आहे, हे विसरू नकोस. एक्स-रेत पुढे प्यूबिस मोडलेलं दिसलं की मागे एसआयकडे नजर गेलीच पाहिजे. सोमवारी काय विचारलं ते इथं टाक.