लाल निशाण पक्षाचा कोल्हापुरातला इतिहास: माहिती आणि मदत हवी आहे

मंडळी,

माझे आजोबा उद्यमनगरात टर्नर होते आणि शेवटपर्यंत लाल निशाण या डाव्या कामगार पक्षाचे. त्यांच्या ट्रंकेत पक्षाच्या 'श्रमिक विचार' या पत्राचे जुने अंक, सर्व श्रमिक संघ या युनियनची पावतीपुस्तकं आणि शिबिरांच्या टिपणवह्या निघाल्यात. अंकांचे घडीवर तुकडे पडतायत, पावत्यांवरची कार्बनची अक्षरं पुसट झालीयत.

पक्षाचा ढोबळ प्रवास मला ठाऊक आहे. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर कम्युनिस्ट पक्षाने 'लोकयुद्धा'ची भूमिका घेतली. 'चले जाव'च्या ऐन भरात इंग्रजांच्या युद्धाला साथ देणं ज्यांना पटलं नाही ते एस. के. लिमये, यशवंत चव्हाण वगैरे वेगळे झाले. आधी नवजीवन संघटना, मग काही काळ शेकाप (शेतकरी कामगार पक्ष), तिथून कामगार किसान पक्ष आणि पुढे लाल निशाण. १९८८ साली फूट पडून लेनिनवादी गट निघाला. २०१७ मध्ये मूळ लाल निशाण पक्ष भारतीय कम्युनिस्ट पक्षात (भाकप) विलीन झाला आणि २०२४ मध्ये लेनिनवादी गट भाकप (मार्क्सवादी-लेनिनवादी) लिबरेशन या वेगळ्या पक्षात. म्हणजे मूळ पक्षवाले १९४२ साली ज्या घरातून बाहेर पडले, तिथेच ७५ वर्षांनी परतले. डाव्यांच्या इतिहासात यांची एका ओळीत 'फुटीर' म्हणून बोळवण होते, ते मला अन्यायाचं वाटतं. ऐन चळवळीत पक्षाविरुद्ध उभं राहायला धमक लागते.

अडतंय ते कोल्हापूरपाशी. १९४२ साली इथे संस्थान होतं. मुंबई राज्यात विलीनीकरण झालं ते १ मार्च १९४९ ला. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांची प्रजा परिषद जोरात होती. अशा ठिकाणी नवजीवनचं काम कोणी, कुठल्या तालुक्यांत सुरू केलं? शेकाप इथे एवढा तगडा असताना त्यातून बाहेर पडणाऱ्यांबरोबर किती जण गेले? आणि १९८८ ला साखर कामगार, मोलकरणी, इंजिनिअरिंगवाले यांच्या इथल्या युनियन कुठल्या बाजूला राहिल्या?

दुसरं, कागदांचं. घडी न मोडता स्कॅन करून देणारं कोल्हापूर-सांगलीत कोणी आहे का? विद्यापीठाचं ग्रंथालय किंवा करवीर नगर वाचन मंदिर असे सुटे कागद ठेवून घेतं का, कोणाला अनुभव आहे? रद्दीत एक कपटाही जाऊ द्यायचा नाही.

त्या काळातले कार्यकर्ते ओळखीत असतील तर कृपया आधी त्यांना विचारा आणि मग मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नावं इथे लिहू नका. बरेच जण ऐंशीच्या पुढे आहेत, त्यामुळे दिवाळीपर्यंत भेटी उरकायच्या आहेत. गडहिंग्लज, कागल, इचलकरंजी, कुठेही येईन.